दवाखाना जवळ आहे, सोबत हवी आहे

मुंबईकरांनो, सप्रेम नमस्कार.

कामाठीपुऱ्यातून नायर रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जे. जे.ही जवळच. एचआयव्हीची औषधं तर सरकार २००४ पासून मोफत देतं. तरीही आमच्या वस्तीतल्या धंदा करणाऱ्या बाया दुखणं अंगावर काढतात.

ओपीडीचा केस पेपर सकाळी निघतो, तेव्हा बाई नुकती कुठे आडवी झालेली असते. रांगेत दिवस गेला की कमाई बुडते आणि खोलीचं भाडं डोक्यावर चढतं. लेकरू कोणाकडे ठेवायचं, हे वेगळंच. एवढं करून ती पोचली, तर खिडकीवर सगळ्यांदेखत विचारतात, “नवऱ्याचं नाव?” गल्ली सांगितली की समोरच्याचा आवाजच बदलतो. आमच्या एका ताईला गर्भपातासाठी ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणून परत पाठवलं. कायद्याने सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. पण ते ठणकावून सांगायला तिच्याबरोबर कोणी नव्हतं. तिने दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या आणि रक्तस्रावाने बेशुद्ध पडल्यावरच तिला खाट मिळाली. जीव वाचला. असं पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे आवाहन.

या बायांचं आजारपण म्हणजे फक्त एड्स, हा समज कृपया सोडा. बीपी, शुगर, टीबी, किडलेले दात, पाळीचा त्रास हे सगळं त्यांनाही आहे. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सहापट असतो आणि त्याची प्राथमिक तपासणी काही मिनिटांत होते. त्या काही मिनिटांसाठी तिला तिथवर नेणारं माणूस मिळत नाही, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

कागदपत्रांचंही तेच. पत्त्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रण यंत्रणेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्यावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९ मे २०२२ चा आदेश आहे. पण अर्ज भरायला, चकरा मारायला कोणीतरी लागतं.

म्हणून सगळ्यात आधी तुमची एक सकाळ द्या. केस पेपर काढा, रांगेत तिच्याशेजारी उभे राहा, डॉक्टर काय म्हणाले ते तिला नीट समजावून सांगा. संध्याकाळी वस्तीत येऊन तपासणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर बाई मिळाल्या तर फारच मोठं काम होईल. पैसे लागतात ते टॅक्सीला, सरकारी तारीख लांबची मिळाली तर बाहेरच्या सोनोग्राफीला आणि आई दवाखान्यात असताना पोरांच्या जेवणाला.

जुने कपडे आणू नका. फोटो काढू नका, आणि ‘तू इथे कशी आलीस’ हे कोणालाही विचारू नका. आमच्या केंद्रात संध्याकाळी कधीही या. देणगीची पावती आठवणीने घ्या. हिशेब दर महिन्याला फळ्यावर लावलेला असतो.

– आरोग्यसेविका व कार्यकर्ते, कामाठीपुरा