‘अविभाज्य’ नव्हे, गुंतलेले!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अनुवादित लेखांत हल्ली एक वाक्य सारखे भेटते : ‘हे दोन प्रश्न एकमेकांशी अविभाज्यपणे जोडलेले आहेत.’ मूळ इंग्रजीत तिथे बहुधा ‘इनेक्स्ट्रिकेबली’ असते. मी इंग्रजी निकालपत्रांचे मराठी अनुवाद करते. या शब्दाशी रोज गाठ पडते, म्हणून त्याची अशी सरसकट बोळवण झालेली मला बघवत नाही.

ज्याचे भाग पडत नाहीत ते अविभाज्य. म्हणजे वस्तू एकच. ‘इनेक्स्ट्रिकेबली’त निदान दोन वस्तू लागतात. त्या वेगवेगळ्या ओळखूही येतात, पण निरगाठ बसलेल्या धाग्यांसारखे एकीला ओढले की दुसरी येतेच. लॅटिनमध्ये ‘ट्रिके’ म्हणजे अडचणी, भानगडी. त्यांतून सोडवणे ते ‘एक्स्ट्रिकेट’, आणि सोडवता न येणारे ते ‘इनेक्स्ट्रिकेबल’. ‘इंट्रिकेट’ म्हणजे गुंतागुंतीचा, हाही याच घराण्यातला.

हा फरक किती मोलाचा आहे ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 सालच्या ‘बॉस्टॉक विरुद्ध क्लेटन काउंटी’ या निकालात दिसते. प्रश्न होता समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढण्याचा. कायद्यात मनाई होती ती लिंगावरून भेदभाव करण्याला. समलैंगिकता आणि लिंग या संकल्पना वेगळ्या आहेत हे न्यायालयाने स्पष्ट मान्य केले आणि तरीही त्या ‘इनेक्स्ट्रिकेबली’ बांधलेल्या आहेत असे म्हटले. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला त्या कारणावरून काढायचे, तर तो पुरुष आहे हे आधी विचारात घ्यावेच लागते. इथे ‘अविभाज्य’ लिहिले की ‘वेगळ्या आहेत’ हा अर्धा भाग पुसला जातो आणि युक्तिवादच कोसळतो.

‘इनडिझोल्युबली’लाही ‘अविभाज्यपणे’ चालत नाही. तिथे गुंता नसतो, न मोडणारे बंधन असते : विवाहाचे, संघराज्याचे. ऑस्ट्रेलियाच्या 1900 सालच्या राज्यघटना कायद्याच्या उद्देशिकेत संघराज्याला ‘इनडिझोल्युबल’ म्हटले आहे. त्याला आपला ‘अतूट’ चपखल बसतो. ‘इनसेपरेबली’ त्या मानाने साधा. एकमेकांना कधीही न सोडणाऱ्या जोडीचा.

मराठीत या क्रियाविशेषणांना ‘-पणे’चे शेपूट लावायची गरज नसते, कारण आपल्याकडे हे काम क्रियापद करते. ‘हे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत’, ‘एक सोडून दुसरा सुटणार नाही’ असे सरळ लिहावे. ‘निगडित’ वापरायला माझी हरकत नाही. ‘निगड’ म्हणजे बेडी. पण ती बेडी वापरून वापरून इतकी सैल झाली आहे की आता त्यातून ‘संबंधित’ एवढाच अर्थ उरतो.

आपल्या अनुवाद विभागाला माझी कळकळीची विनंती आहे : ‘इनेक्स्ट्रिकेबली’ आला की गाठ नेमकी कुठे बसली आहे ते मूळ लेखात शोधावे. सापडली तर ‘गुंतले आहेत’ लिहावे. सापडली नाही, तर लेखकाने जोर आणण्यापुरता तो शब्द घातला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी लेखकाला विचारावे, आणि विचारणे शक्य नसेल तर मूळ शब्द टिपेत द्यावा.

आपली,
एक अनुवादक वाचक