ताई, गंडमचं दार दाखवलंस त्याबद्दल

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

समोर आभार मानले असते तर तू "चल, चहा पाज" म्हणून विषय मिटवला असतास. म्हणून लिहून टाकतोय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण पुण्यात जपानी शिकणाऱ्या निम्म्या पोरांना कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: गंडम बघायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची?

1979 पासून चालू असलेलं, महाकाय रोबोंच्या युद्धकथांचं जपानी प्रकरण हे. ॲनिमेशनच्या टीव्ही मालिका, चित्रपट, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, कादंबऱ्या, वर एकमेकींशी काडीचा संबंध नसलेली वेगवेगळी विश्वं. ज्याला विचारावं तो एक तक्ता पाठवायचा. त्यात चौकोन, बाण, चार रंग आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत अपवाद. असे तक्ते बघून मी नाद सोडायच्या बेतात होतो.

तू तक्ता पाठवला नाहीस. दोनच प्रश्न विचारलेस. जुनी चित्रं चालतात का? आणि आवडलेलं पात्र मेलं तर बघणं बंद करतोस का? पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हटल्यावर सांगितलंस, "मग 1981-82चे तीन चित्रपट बघ. ते संपेपर्यंत दुसऱ्या कुणाचं ऐकू नकोस."

हा सल्ला किती नेमका होता ते मला नंतर कळलं. मूळ मालिका दिग्दर्शक योशियुकी तोमिनोची. खेळणी खपेनात म्हणून ठरलेल्या 52 भागांऐवजी ती 43 भागांत गुंडाळावी लागली, आणि जानेवारी 1980मध्ये ती बंद झाली तेव्हा कुणी फार हळहळलं नव्हतं. पुनर्प्रक्षेपण सुरू झालं, त्यात 1980च्या उन्हाळ्यात बांदाई या खेळण्यांच्या कंपनीनं प्लास्टिकची मॉडेलं बाजारात आणली, आणि मग जपानमधली पोरं वेडी झाली. चित्रपट निघाले ते या लाटेवर. तोमिनोनं त्या 43 भागांची काटछाट करून तीन चित्रपट बांधले. खेळणं म्हणून खपावं यासाठी घुसवलेलं जी-आर्मर नावाचं जोडवाहन त्यानं सरळ उडवलं. तिसऱ्या चित्रपटात तर कितीतरी दृश्यं नव्यानं काढलेली आहेत. भागाभागांची मालिका लावली असती तर मी दहाव्या भागाच्या आसपास ढेपाळलो असतो, हे तुला माझ्याआधी माहीत होतं.

पहिल्या चित्रपटाची पहिली वीस मिनिटं मला अजून पाठ आहेत. माणसं अंतराळातल्या अजस्र नळकांड्यांत राहतात. पृथ्वीचं सरकार आणि झिऑन नावाचं बंडखोर राज्य यांच्या युद्धात महिनाभरातच अर्धी माणसं मेलेली, हे निवेदक सुरुवातीलाच सपाट आवाजात सांगून मोकळा होतो. मग साइड सेव्हन या वसाहतीवर झिऑनचे झाकू, म्हणजे आत माणूस बसून चालवायचे लढाऊ रोबो, उतरतात. अमुरो रे हा 15 वर्षांचा, यंत्रात डोकं घालून बसणारा मुलगा. त्याला पळापळीत गंडमची माहितीपुस्तिका सापडते. कॉकपिटमध्ये बसून तो पानं उलटत उलटत 18 मीटरचा तो रोबो उभा करतो. पहिल्या झाकूला तो कापतो तेव्हा त्याच्या अणुभट्टीचा स्फोट होऊन वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडतं आणि अमुरोचा बाप त्यातून बाहेर अवकाशात ओढला जातो. पोराला याचा पत्ताही नसतो. पण स्फोट काय करतो हे त्यानं पाहिलंय, म्हणून दुसऱ्या झाकूला मारताना तो भट्टी टाळतो आणि नेमका कॉकपिटवर वार करतो. म्हणजे यंत्र वाचवून आतला माणूस मारतो.

इथे मी थांबवून तुला मेसेज केला होता. तू फक्त "हं" असं उत्तर दिलंस. बरं केलंस. कुणी त्या क्षणी समजावत बसलं असतं तर मजा गेली असती.

दुसरी गोष्ट, जिचे आभार मी जास्त मानतो. कथेतल्या सनावळीप्रमाणे बघ असं मला तिघाचौघांनी सांगितलं होतं. तसं केलं असतं तर सुरुवात 2015 सालच्या 'द ओरिजिन' या ॲनिमेशनपासून झाली असती, कारण त्यात शार अझ्नाबलचं बालपण आहे. आता शार हा झिऑनकडून लढणारा, मुखवट्यामागचा माणूस. तो कोण, झिऑनच्या राजघराण्याशी इतकं गोड बोलताना त्याच्या मनात काय शिजतंय, हे पहिल्या चित्रपटात हळूहळू उलगडतं. ते आधीच माहीत असणं म्हणजे नाटकाला बसण्यापूर्वी रंगपटात डोकावून येणं. तू 'द ओरिजिन' दिलंस, पण योशिकाझु यासुहिकोचा मांगा दिलास, आणि तोही तीन चित्रपट झाल्यावर. मूळ मालिकेतली पात्रं ज्यानं रेखाटली त्यानंच वीसेक वर्षांनी, 2001 ते 2011 या काळात, तीच गोष्ट पुन्हा सांगितली. त्यातही शारचं बालपण मध्येच येतं, मुखवट्याबद्दल पुरेसं कुतूहल वाढल्यावर. पहिल्या खंडात गंडम उभा राहतो त्या पानांवर मी बराच वेळ रेंगाळलो. मांगा वाचायचाच असेल तर हाच, असं मी आता इतरांना तुझ्याच ठसक्यात सांगतो.

मग तू 1989ची सहा भागांची 'वॉर इन द पॉकेट' बघायला लावलीस. तिच्याबद्दल इथे फार लिहिणार नाही, कुणाचा तरी रसभंग व्हायचा. एवढंच सांगतो, की तटस्थ वसाहतीतला अल नावाचा शाळकरी मुलगा सैनिकांचे बिल्ले मित्रांना मिरवून दाखवतो आणि युद्ध आपल्याही गावात यावं म्हणून आसुसलेला असतो. ते येतं. तीन चित्रपट अजिबातच झेपणार नसतील, तर माझ्या मते सुरुवात इथून करावी. मागचं काही माहीत असायची गरज नाही, आणि एका रविवार दुपारचं काम आहे.

तुझी पद्धत मी माझ्या मामेबहिणीवर वापरली. तिला जुनी चित्रं चालत नाहीत, युद्धात रस नाही. तिला 2022ची 'द विच फ्रॉम मर्क्युरी' दिली. 24 भाग, स्वतंत्र विश्व, शाळा, गंडमची द्वंद्वं, आणि मुख्य टीव्ही मालिकांमध्ये पहिल्यांदाच नायकाच्या जागी मुलगी. फक्त प्रोलॉग, म्हणजे मालिकेआधीचा प्रास्ताविक भाग, आधी बघ असं बजावलं, कारण तो चुकवला तर नायिका सुलेत्ताच्या आईकडे बघताना जी धास्ती वाटायला हवी ती वाटत नाही. आता ती मला फोन करून त्यातल्या मिओरीन या पात्राची बाजू मांडते. वर्गातली मुलं मात्र 2025च्या 'जीक्वॅक्स'पासून सुरू करतायत, नवीन आहे म्हणून. चित्रं झकास आहेत, मान्य. पण अमुरोऐवजी शारनं गंडम पळवला असता तर, या कल्पनेवर ती उभी आहे. मूळ पळवापळवी पाहिलीच नसेल तर त्यातली गंमत कळणार कशी? मी सांगितलं, कुणी ऐकलं नाही. असो.

आणि वाढदिवसाला दिलेल्या गंडमच्या त्या एंट्री ग्रेड, म्हणजे नवशिक्यांसाठीच्या, मॉडेलबद्दल वेगळे आभार. कटर नाही, गोंद नाही, रंग नाही. भाग चौकटीतून हातानंच सुटतात आणि टक् आवाज करून बसतात. 18 मीटरचा राक्षस 1/144 प्रमाणात साडेबारा सेंटिमीटरचा होऊन माझ्या शब्दकोशांशेजारी उभा आहे. आईनं पहिल्यांदा "हे काय लहान मुलांसारखं" म्हटलं, मग तीच धूळ पुसताना त्याचा हात वर करून ठेवायला लागली. जाता जाता सांगतो, अमुरोच्या तोंडून शिकलेल्या लष्करी जपानीचा परीक्षेत शून्य उपयोग झाला.

सध्या मूळ मालिकेच्या पुढची, 1985ची 'झेटा' चालू आहे. पन्नासच्या पन्नास भाग बघ, याच्या चित्रपटांकडे वळू नकोस, असं म्हणाली होतीस, तसंच करतोय. शार आता काळा चष्मा लावून दुसरं नाव घेऊन फिरतो आणि कुणाला ओळखू येत नाही, यावर मी रोज हसतो. तिचा नायक कमिल पहिल्याच भागात नावावरून चिडून लष्करातल्या माणसाला ठोसा मारतो, तेव्हा अमुरो किती समंजस होता असं वाटलं.

पुढच्या शनिवारी मांगाचे खंड परत करायला येतो, कोपरे दुमडलेले नाहीत. तेवढं एक सांगून ठेव: झेटा संपल्यावर लगेच तिच्या पुढची 'डबल झेटा' लावू, की मध्ये काहीतरी हलकं बघू? 'डबल झेटा'चे सुरुवातीचे भाग विनोदी आहेत म्हणतात, आणि झेटाच्या शेवटाबद्दल तू जे तोंड केलं होतंस ते आठवून जरा भीती वाटतेय.

तुझा,
मागच्या बाकावरचा