पैज हरल्याची लेखी कबुली

सातारा,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय बंड्या,

फोन केला की तू 'गाडी चालवतोय, नंतर करतो' म्हणतोस आणि तो नंतर काही उगवत नाही, म्हणून पत्र. शिवाय हरलेल्या पैजेची कबुली लेखी हवी, हा तुझाच नियम.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरातच आहे. लेकीने टीव्हीला काय काय जोडून दिलंय, त्यामुळे आपण भाड्याच्या व्हीसीआरवर बघितलेले सिनेमे एकेक करून परत बघतोय. एका रात्रीच्या भाड्यात चार कॅसेटी वसूल करायच्या म्हणून पहाटेचा सिनेमा आपण नेहमी अर्धा झोपेतच बघितला, हे आता कळतंय.

आधी 'सायको'. बाथरूममधलं रक्त लालभडक आहे, असं मी तीस वर्षं शपथेवर सांगत आलो. तू म्हणायचास सिनेमाच कृष्णधवल आहे, आणि मी म्हणायचो, तुमचा टीव्ही कृष्णधवल होता! तर हरलो लेका. १९६० साली हातात रंग असताना हिचकॉकने मुद्दाम काळं-पांढरं निवडलं आणि रक्त म्हणून चक्क चॉकलेटचं सिरप वापरलं. शॉवरखालच्या जेमतेम पाऊण मिनिटाच्या त्या खुनाला सात दिवस शूटिंग. सुरी खुपसल्याचा आवाज खरबुजाचा. हे वाचून पुन्हा बघायला बसलो, म्हटलं आता कसली भीती. पण ती व्हायोलिनं किंचाळायला लागली आणि हातातला चहा बशीत. आठवतं, तेव्हा आठ दिवस मी दार उघडं टाकून अंघोळ करत होतो? आपल्याकडे ना शॉवर ना पडदा, बादली आणि तांब्या, तरीसुद्धा! आईने शेवटी पाठीत धपाटा घातला होता.

'गॉडझिला'च्या बाबतीत मात्र गंमत झाली. त्यात एक गोरा पत्रकार आहे असं मी म्हणायचो, तू म्हणायचास सगळे जपानीच. दोघंही बरोबर! मूळ जपानी सिनेमा १९५४चा, तो तू कॉलेजच्या फिल्म क्लबात बघितलास. माझी कॅसेट होती १९५६च्या अमेरिकन आवृत्तीची, त्यात रेमंड बर या नटाला पत्रकार म्हणून मागाहून घुसवलेलं. मी या खेपेला मूळचा बघितला. गॉडझिला हा राक्षसी प्राणी म्हणजे रबरी पोशाखातला माणूस खेळण्यातल्या इमारती तुडवतोय हे दिसतंच, पण हसू येत नाही रे. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली आणि एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर ती किरणोत्सारी राख पडली. नोव्हेंबरात हा सिनेमा थेटरात. त्यात एक बाई पोरांना कुशीत घेऊन भिंतीशी बसलीय आणि त्यांना सांगतेय की आता आपण बाबांकडे जाणार. बाबा कुठे गेलेत ते सांगत नाही. नऊ वर्षांपूर्वी युद्ध संपलेल्या देशात ते सांगावं लागतच नसेल. मी टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन बसलो. (गॉडझिलाची डरकाळी म्हणजे डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासल्याचा आवाज आहे. तुझ्या नातवाला सांग.)

आता ज्यासाठी खरं लिहायला बसलो ते. 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड', १९६५, रिचर्ड बर्टन. चौथी कॅसेट. तू घोरत होतास आणि मी पळवत पळवत बघितला, कारण यात ना गाडी उडते ना कोणी पोहण्याच्या कपड्यात समुद्रातून वर येतं. हेर म्हणजे बाँड, एवढीच आपली अक्कल. हा बर्टन तर सुजल्या डोळ्यांचा, दारू पिणारा, पगाराला कंटाळलेला कारकूनच दिसतो. त्याला वाटत असतं, आपल्याला पूर्व जर्मनीत पाठवलंय ते मुंट नावाच्या क्रूर अधिकाऱ्याचा काटा काढायला. तिथे फीडलर नावाचा मुंटचाच सहकारी आहे, सरळ माणूस. तो एकेक पुरावा जुळवून मुंटविरुद्ध केस उभी करतो. चौकशी समिती बसते. आणि भर चौकशीत पारडं फिरतं, मुंट मोकळा, फीडलर आत. कारण मुंट लंडनचाच, म्हणजे बर्टनला पाठवणाऱ्या ब्रिटिशांचाच माणूस असतो आणि सगळा खटाटोप त्याला वाचवण्यासाठीच असतो.

तिथे मी सिनेमा थांबवला. बंड्या, तू तो चौकशी अहवाल दिलास, पानापानावर सह्या, एकही आकडा चुकीचा नाही, आणि दोन महिन्यांत बदली कोणाची झाली? तुझी. तेव्हा मी तुला काय म्हणालो ते मला आठवतंय. म्हणालो, तुला जरा सांभाळून घ्यायला हवं होतं. आपण त्यावर परत कधी बोललो नाही. बर्टनला उमगतं तेव्हाचा त्याचा चेहरा बघितला आणि ते माझं वाक्य कानात वाजलं. चुकलो मी. ही दुसरी कबुली, हिची पैज नव्हती.

शेवट तुला सांगत नाही, तू झोपला होतास. बर्लिनची भिंत आहे, शिडी आहे, आणि भिंतीवर चढलेल्या माणसाला दोन्ही बाजूंनी हाका मारतायत, एवढंच सांगतो.

वहिनींना नमस्कार. पैज मिसळीची होती, जादा तर्रीसह. गुडघा म्हणतोय पंधरा दिवसांनी जिने चढेन. तेव्हा ये, मुक्कामाला ये. या वेळी तोच पहिला लावू, झोप यायच्या आत.

तुझा,
नंदू