आधी माझा चांगला गुडघा तपासणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर मॅडम,

"दुखतोय तो उजवा," असं मी घाईघाईने सांगितलं, तरी तुम्ही डाव्यालाच हात घातलात. म्हणालात, "तुमचा गुडघा मुळात किती सैल आहे ते हाच सांगेल." मग उजव्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवलीत, मांडीवर नुसता हात ठेवलात आणि थांबलात. काही बोलला नाहीत, घड्याळ पाहिलं नाहीत. मांडी आपोआप सैल पडली, तेव्हा कुठे नडगी हळूच पुढे ओढून पाहिलीत.

त्या थांबण्याचे आभार मानायला हे पत्र लिहितोय. दुखऱ्या पायाला कुणी हात लावला की मांडी आवळते, आणि आवळलेल्या मांडीमुळे फाटलेलं लिगामेंटही (हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा) तपासताना शाबूत वाटू शकतं, हे मला पुढे समजलं. त्या वेळी एवढंच वाटलं, की चला, इथे कुणालातरी माझं ऐकायचंय.

कारण आधी जिथे गेलो होतो तिथे एक्स-रे निघाला, "हाड शाबूत आहे, मुरगळलाय" असं ऐकवलं गेलं आणि पुढच्या पेशंटला हाक गेली. बॅडमिंटन खेळताना उडी मारून उतरलो, पाऊल जमिनीला रुतल्यासारखं राहिलं, अंग वळलं, आत 'कट्' झालं आणि थोड्याच तासांत गुडघा टम्म सुजला, हे मी सांगत होतो. तेवढं एक वाक्य पुरं होऊ दिलं असतं तरी चाललं असतं. इतक्या लवकर सूज चढली की सांध्यात रक्त उतरल्याची शंका घ्यायची असते, आणि त्यामागे बऱ्याचदा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट, फाटलेलं असतं. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, मान्य. पण समोरचा माणूस तर दिसतो ना? पुढे सूज ओसरली आणि वळताना गुडघा सटकायला लागला, तर म्हणे, "मनातली भीती आहे."

तुम्ही हाताने ओळखलं होतंत तेच एमआरआयमध्ये निघालं. तरी लगेच ऑपरेशनची तारीख दिली नाहीत. आधी सूज उतरू दे, गुडघा पूर्ण सरळ होऊ दे, मांडीत ताकद येऊ दे, काही जणांचं व्यायामावरही भागतं, असं म्हणालात. माझं भागलं नाही. ऑपरेशन झालं, नीट झालं, त्याबद्दल सगळेच विचारतात म्हणून इथे लिहीत नाही.

नंतर मी रॅकेट काढायची परवानगी मागितली, तेव्हा किमान नऊ महिने आणि दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाल्याशिवाय नाही, असं ठणकावलंत. रागवलो होतो. पण हसत हसत 'नाही' म्हणणारे आणि त्याचं कारणही सांगणारे लोक कमीच भेटतात, दवाखान्यात काय आणि बाहेर काय.

तक्रार एकच. तुमच्याकडच्या त्या फिजिओथेरपिस्ट मुलाला जरा सांगा, "शेवटचे पाच" म्हटल्यावर पाचच मोजत जा.

तुमचा,
एक पेशंट