घरी जोडलेल्या गाडीची तपासणी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

कुणी घरच्या घरी मोटार तयार केली की वृत्तपत्रांत तिचे छायाचित्र येते, करणाऱ्याचे कौतुक होते आणि नोंदणीची अडचण तेवढी उरली आहे, अशा अर्थाच्या एका ओळीने बातमी संपते. नोंदणी म्हणजे हौशी माणसाच्या वाटेत सरकारने टाकलेला धोंडा, असा समज त्यातून वाचकाचा होतो. ब्रिटनमध्ये राहत असताना मी अशी एक किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी जोडायची गाडी, जोडली, ती तपासणीत एकदा नापास झाली आणि दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाली. त्या अनुभवानंतर हा समज मला पटेनासा झाला, म्हणून हे पत्र.

ब्रिटनमध्ये या छंदाला बळ मिळाले ते करामुळे. तयार मोटारीवर आकारला जाणारा खरेदी कर सुट्या भागांच्या संचावर लागत नसे आणि १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही छोटी उघडी गाडी त्यामुळे संच म्हणूनही विकली जाई. संचाबरोबर जोडणीच्या सूचना देता येत नसत, म्हणून गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना देत आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या क्रमाने वाचायच्या, असा किस्सा तिथले जुने हौशी लोक अजून सांगतात. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर लागू झाला, सवलत गेली, छंद मात्र राहिला. १९९८ पर्यंत अशा गाडीला जुन्या गाड्यांची असते तशी रस्तायोग्यतेची साधी तपासणी पुरत असे. त्या वर्षी तिच्यासाठी स्वतंत्र मान्यता आली आणि २००९ मध्ये तिची जागा आजच्या अधिक कडक 'इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल'ने, म्हणजे एकेका वाहनाच्या मान्यतेने, घेतली. कारखानदार एका नमुन्याला मान्यता घेऊन हजारो गाड्या विकतो; घरी गाडी जोडणारा माणूस एकाच गाडीचा कारखानदार असतो, म्हणून त्याची ती एकच गाडी तपासनीस काही तास बारकाईने पाहतो.

या तपासणीची सर्वांत अधिक चेष्टा होते ती कडांवरून. जमिनीलगतचा आणि दोन मीटरच्या वरचा भाग सोडला, तर बाहेरून १०० मिलीमीटर व्यासाचा गोळा जिथे टेकू शकतो तिथली कड सर्वसाधारणपणे निदान २.५ मिलीमीटर त्रिज्येची गोल असावी लागते. सेव्हनच्या धर्तीच्या गाडीत पुढची चाके, दिव्यांच्या दांड्या आणि सस्पेन्शनचे नट-बोल्ट सगळे उघड्यावर असते. त्यामुळे माणसे आठवडेच्या आठवडे नटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या आणि पत्र्यांच्या कडांवर रबरी पट्टी बसवत राहतात. मीही बसवली आणि तरी मडगार्डची आतली कड माझ्याकडून राहून गेली. तेव्हा मला राग आला होता. पण गाडीची धडक बसलेल्या माणसाची मांडी त्या कडेवरून घासत जाणार आहे, हे तपासनिसाने मडगार्डवर हात ठेवून दाखवल्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

नापास होण्याचे दुसरे कारण स्टिअरिंग होते. वळण घेतल्यावर हात सैल सोडले की चाके आपण होऊन सरळ होऊ लागली पाहिजेत. हलक्या किट कारचे पुढच्या चाकांवर वजनच इतके कमी पडते की जड गाडीतून काढलेले भाग त्याच कोनांत बसवले तर चाके वळलेलीच राहतात. कॅस्टरचा कोन, म्हणजे पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते त्या आसाचा मागे झुकाव, वाढवून मला हा दोष काढता आला. ब्रेकचेही काहीसे तसेच असते. जोराने ब्रेक दाबल्यावर मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत, नाहीतर गाडी गरकन फिरते. मूळ गाडीत बरोबर असलेला ब्रेकचा तोल वजनाची विभागणी बदलली की बिघडतो. गाडी जोडणाऱ्याने कितीही मन लावून काम केले असले, तरी हे दोष गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दिसत नाहीत. सीटबेल्टच्या खांद्यावरच्या पट्ट्याचा आधार फार खाली असला तर टकरीत तो पट्टा मणक्याला खाली दाबतो, ही गोष्ट तर मला नियमपुस्तिका वाचेपर्यंत सुचलीही नव्हती. ती पुस्तिका कोणालाही फुकट वाचता येते. चासीला पहिला बोल्ट लावण्यापूर्वी ती वाचणारे थोडे आणि नापास झाल्यावर वाचणारे पुष्कळ. मी दुसऱ्या गटातला.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. मान्यतेचे प्रमाणपत्र मिळाल्यावर नोंदणीच्या अर्जाबरोबर भागांच्या पावत्या आणि ज्या जुन्या गाडीतून भाग घेतले तिची कागदपत्रे लागतात. भागांचे वय आणि मूळ सिद्ध करता आले नाही तर 'क्यू' अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. हा क्रमांक गाडीला जन्मभर चिकटतो आणि विकताना किंमत पाडतो. इंजिनाचे वय दाखवता न आल्यास धुराची मर्यादाही अधिक कडक लागू शकते. भंगारवाल्याची चिठोरी जपून ठेवावी ती यासाठी.

या व्यवस्थेत माझ्या मते एक मोठी उणीव आहे. मान्यता मिळाली की दुसऱ्या दिवशी रबरी पट्ट्या आणि टोप्या उपटून टाकणारे, स्टिअरिंगचे कोन पुन्हा पूर्ववत करणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्याबद्दल ते उघडपणे बोलतातही. वार्षिक तपासणीत कडांची गोलाई मोजली जात नाही, त्यामुळे त्यांना कोणी हटकत नाही. निदान पहिल्या वार्षिक तपासणीच्या वेळी मान्यतेच्या दिवशीची छायाचित्रे समोर ठेवून गाडी पाहिली जावी, एवढे तरी करता येण्यासारखे आहे. हौशी मंडळींना हे आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती लहानशी आहे. यापुढे घरी बनवलेल्या गाडीची बातमी आल्यास बातमीदाराने छायाचित्राबरोबर दोन प्रश्न विचारावेत: आधी कोणती चाके जाम होतात आणि सीटचे पट्टे नेमके कशाला बांधले आहेत. उत्तरे जशी मिळतील तशी छापावीत.

कळावे,
आपला,
एक वाचक