पोळी वातड, आजी चिवट

ती. आईस सा. न.

रविवारी फोनवर तू विचारलंस पोळ्या जमतात का, मी हो म्हणाले, पण खरं सांगू का, दुपारी डबा उघडला की त्या वातड झालेल्या असतात. तव्यावरून काढल्या काढल्या छान असतात, फुगतात पण, आणि चार तासांनी तुकडा तुटायलाच तयार नाही, नुसता ताणला जातो आणि मग घास तोंडात फिरत राहतो. आधी वाटलं माझं मळणंच चुकतंय, मग कळलं की पिठाचा घोळ आहे. इथे जर्मनीत पिठाच्या पुड्यावर नंबर असतो, 100 ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते त्याचा, कोंडा जितका जास्त तितका नंबर मोठा. मी आणत होते ते 405, म्हणजे आपला मैदाच की गं! आता इंडियन स्टोअरमधून कणीक आणते आणि तुझ्यासारखं फडक्यात गुंडाळून ठेवते, बराच फरक पडलाय.

त्या पोळीचा तुकडा खाऊन ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, त्से, हा जर्मन शब्द, zäh असा लिहितात. आपलं वातड अगदी तेच, न शिजलेलं मटण पण त्से. पण दोनच दिवसांनी ती तिच्या आजीचं कौतुक करत होती, तर तिथेही त्से! रेडिओवर ट्रॅफिक मुंगीच्या पावलांनी चाललंय सांगतात त्यातही हाच शब्द. मग मी तिला म्हटलं, आमच्याकडे आजीला कोणी वातड म्हणणार नाही, आजी चिवट. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर तीन महिन्यांत वॉकर कोपऱ्यात ठेवून तुळशीला पाणी घालायला गेली ना, ते चिवट. आणि जून भेंडी निबर, कारण ती झाडावरच तशी झालेली असते. वातड म्हणजे मुळात चांगली असलेली वस्तू, जी हवा लागून किंवा भाजणं कमी पडून बिघडली, सादळलेला चिवडा, कच्चट भाजलेले शेंगदाणे. हे सगळं जर्मनमध्ये सांगताना माझी दमछाक झाली पण फार बरं वाटलं गं, कितीतरी दिवसांनी हे शब्द तोंडात आले.

दिवाळीच्या चकल्या यंदा दोन पिशव्यांत घट्ट बांधून पाठव, मागच्या वेळी पोचेपर्यंत वातड झाल्या होत्या, तरी एकही टाकली नाही. आणि आजीला विचार, ती चामट म्हणते ते वातडच का काही वेगळं? मला लिहून कळव.

तुझी,
सोनू