ढग धरलेत का यात? केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सादर नमस्कार.

मी वाईचा. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून आता घरी बसलो आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे हवामान बदलाच्या आराखड्यावर एक बैठक झाली. पडद्यावर तालुक्याची तापमानवाढ दाखवली, तीही दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत. मागून एका स्ट्रॉबेरीवाल्याने विचारले, "साहेब, ढग धरलेत का यात?" समोरचे गृहस्थ म्हणाले, "मॉडेलमध्ये सगळं असतं," आणि पुढची स्लाइड आली. थोडे हसूही पिकले. प्रश्न मात्र लाखमोलाचा होता, आणि त्याचे नीट उत्तर आपल्या खात्याच्या शास्त्रज्ञांकडे आहे, म्हणून हे पत्र.

स्ट्रॉबेरीवाल्याला हा प्रश्न सुचला कुठून, तेही सांगतो. थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला आभाळ निरभ्र असले की पहाटे पानांवरचे दव गोठते. आभाळ आले की गोठत नाही. जमिनीतून वर जाणारी उष्णता ढग अडवतात, हे तिथल्या माणसाला पुस्तकाविना ठाऊक आहे. रात्री ढग गोधडी होतात, दिवसा छत्री. साऱ्या पृथ्वीचा सरासरी हिशेब मांडला तर ढग चौरस मीटरमागे सुमारे ५० वॅट ऊन परत पाठवतात आणि ३० वॅटच्या आसपास उष्णता अडवून ठेवतात. छत्री जिंकते, २० वॅटनी. आता हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पडणारी भर आहे जेमतेम ४ वॅटची. छत्रीला थोडेसे भोक पडले तरी काय होईल, ते आपल्या लक्षात येईल.

भोक पडणार की नाही, इथेच मॉडेलांचे, म्हणजे पृथ्वीच्या हवामानाचा संगणकावर मांडलेल्या हिशेबांचे, एकमत होत नाही. १९७९ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांच्या चार्नी समितीने सांगितले की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी १.५ ते ४.५ अंशांनी तापेल. पुढची चाळीस वर्षे संगणक कुठल्या कुठे गेले, हा पल्ला मात्र फारसा हलला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या, म्हणजे आयपीसीच्या, २०२१च्या अहवालात तो २.५ ते ४ वर आला. त्याच पिढीतली मॉडेले सुटी सुटी पाहिली तर रशियाचे एक मॉडेल २ अंशांच्याही आत थांबते, ब्रिटन आणि कॅनडाची मॉडेले साडेपाचपर्यंत जातात. या तफावतीत सगळ्यात मोठा वाटा ढगांचा.

कारण अगदी घरगुती आहे. जागतिक मॉडेल पृथ्वीचे साधारण १०० किलोमीटरचे चौकोन पाडते. एवढ्या एका चौकोनात आमचे महाबळेश्वर आणि माणमधले दहिवडी दोन्ही मावतात. एकीकडे साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, दुसरीकडे पाचशेच्या आतबाहेर! ढग तर त्याहून कितीतरी लहान, काहीशे मीटरचा. तो चौकोनात दिसतच नाही. म्हणून हवेतली वाफ, तापमान, वारा यांवरून "इथे इतके ढग असावेत" असा अंदाज सूत्राने बसवतात. प्रत्येक संस्थेचे सूत्र वेगळे.

साडेपाच अंश कुठून आले, ही गोष्ट मला फार आवडते. ढगातले पाणी शून्याखाली लगेच गोठत नाही, उणे ३० अंशांतही थेंब द्रव राहू शकतो. जुन्या मॉडेलांत दक्षिण महासागरावरच्या ढगांत बर्फ जास्त धरला होता. पृथ्वी तापली की त्या बर्फाचे थेंब होणार, ढग अधिक पांढरा होणार, जास्त ऊन परत जाणार, असा एक ब्रेक त्या हिशेबात होता. उपग्रहांच्या नोंदी पाहून काही मॉडेलांत बर्फ कमी केला, आणि ब्रेक ढिला पडला. उलट २०२०च्या सुरुवातीला बार्बाडोसजवळ विमाने आणि जहाजे घेऊन मोठी मोहीम झाली. समुद्रावरचे कापसाच्या बोंडांसारखे छोटे ढग तापमानवाढीत झपाट्याने विरतील, ही काही मॉडेलांची भीती त्या मोजणीत टिकली नाही. दोन्ही वेळा आकडा हलला तो कोणीतरी खरा ढग मोजला म्हणून.

बैठकीनंतर चहाला एक जण म्हणाले, "शास्त्रज्ञांनाच नक्की माहीत नाही, मग घाई कशाला?" हा युक्तिवाद आपल्याही कानावर येत असेल. तो खोटा आहे. ढग एकंदरीत तापमानवाढीत भरच घालतील, याबद्दल आयपीसीला आता पुरेशी खात्री आहे. वाद उरला आहे तो किती, एवढाच.

आपल्याकडे मात्र ढग सरकारला आठवतो तो दुष्काळात. २००३, २०१५, २०१९, प्रत्येक वेळी विमान आले, कृत्रिम पावसासाठी ढगांत फवारणी झाली, फोटो छापून आले. पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरला त्यावर शास्त्रशुद्ध प्रयोग केले, ते मोलाचेच आहेत. पण याच संस्थेचे मॉडेल आयपीसीच्या त्या अहवालासाठी वापरले गेले, दक्षिण आशियातले पहिले, हे आमच्या जिल्ह्यात किती जणांना माहीत आहे? महाबळेश्वरला २०१२पासून तिची ढगांची प्रयोगशाळा आहे. तिथे ढग गाठायला विमान लागत नाही, पावसाळ्यात तो स्वतःच खिडकीतून आत येतो. पुण्यात 'अर्का' महासंगणक आला, हवामानाचे अंदाज सुधारण्याच्या मिशन मौसम योजनेला २००० कोटी मिळाले, आनंद आहे. संगणकाला ढग शिकवायचा तर नोंदी लागतात, आणि त्याही सलग.

तेव्हा मागणे एवढेच. महाबळेश्वरच्या नोंदींना निधीअभावी एक दिवसही खंड पडू देऊ नका, आणि त्या आमच्या कॉलेजांतल्या पोरांना सहज मिळू द्या. मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह उष्ण कटिबंधातली येणारीजाणारी ऊर्जा मोजत होता. २०२३च्या मार्चमध्ये तो प्रशांत महासागरावर पाडला. तसे उपकरण पुढच्या एखाद्या उपग्रहावर असावे, असे अंतराळ विभागाला सांगा. आणि जिल्ह्यांच्या आराखड्यांत एकुलता एक आकडा छापायला मनाई करा. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि मधले अंतर कशामुळे, हे तीन ओळींत मराठीत लिहायला लावा. धरणाचा सांडवा आणि दवाखान्याची खाट वरच्या आकड्यावर ठरवायची की खालच्या, हे मग लोकांना विचारता येईल.

जुलैत सवड काढून या. पसरणी घाटात दिवसा दिवे लावून गाडी चालवावी लागेल. वर पोहोचल्यावर आमचा स्ट्रॉबेरीवाला भेटेल, त्याचे उत्तर अजून यायचे आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, वाई